गीताबाईचं तोंड, मंगलचे हात

“हाताला मुंग्या आल्यात माझ्या. आन् तुमच्या अंबाड्यातली पिन सारखी माझ्या नाकात जायलीय.”

मंगल हे अगदी हळू बोलली. पण चुलीत तुराट्या सारायला मी तिच्या गुडघ्यापाशीच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. बाकीच्यांना मंगल दिसतच नव्हती. ती गीताबाईच्या पाठीमागं उकिडवी बसली होती, गीताबाईचा पदर दोघींच्या अंगावरून घेतला होता, आणि गीताबाईच्या काखेखालून मंगलचे दोन हात तेवढे परातीकडं काढले होते. गीताबाईनं आपले हात पदराखाली पोटाशी दाबून धरले होते. समोरून बघणाऱ्याला वाटावं, गीताबाईच भाकर थापायल्यात.

“गप बस की गं,” गीताबाई ओठ न हलवता म्हणाल्या. “मानंवर तुझ्या श्वासाच्या गुदगुल्या व्हायल्यात. मी बोलायली का?”

“काकू, हसू नका!” बंटी ओरडला. “म्हंजे हसायचंय, पण लाजून. खाली बघा, मंग हळूच वर बघा.”

बंटी म्हणजे गीताबाईच्या मालकांचा, श्रीपतरावांचा पुतण्या. बसवकल्याणला लग्नाचे व्हिडिओ करतो. नवऱ्या मुली बघून बघून त्याची नजर अशी झालीय की चुलीपुढची पन्नाशीची बाईसुद्धा त्याला लाजायला पाहिजे. सकाळी त्यानं परातीत गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. त्या पिठातून निवडायचं काम माझ्याकडं आलं.

आमचं गाव राजेश्वरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. गावात आम्हा बायकांचा गट आहे आणि गटाचा माल एकच, ज्वारीची कडक भाकर. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर कापडानं दाबून दाबून वाळवायची, मग ती महिनाभर खराब होत नाही. भाकरी सगळ्याच बायका थापतात. पण मंगल थापते ती भाकर मोडली की खिडकीची काच तडकल्यासारखी वाजते. मंगल माझी धाकटी जाऊ. आमची घरं बुद्धविहाराच्या गल्लीत. चूल आहे ती मात्र श्रीपतरावांच्या गोठ्याच्या पडवीत. पडवीला बोळातून वेगळं दार आहे, त्यामुळं आम्हाला त्यांच्या घरातून जावं लागत नाही. मंगल थापते, मी भाजून पिशवीत भरते आणि पिशवीचं तोंड बंद करते. बंद झालेल्या पिशवीवर गीताबाई गटाच्या नावाचा कागद चिकटवतात. पहिल्या दिवसापासून कामं अशीच वाटलेली आहेत. कुणी वाटून दिली, ते मात्र कुणालाच आठवत नाही.

तर हैदराबादच्या एका दुकानदाराला आमची भाकर आवडली. फोनवर म्हणाला, “अम्मा, दर हफ्ते माल लेतूं. पन एक छोटा व्हिडिओ भेजो, दुकानके टीव्हीपे लगातूं. बनानेवालीका चेहरा दिखना. चेहरा देखके लोगां लेते.”

बनानेवाली म्हणजे कोण, यात मंगलला काही शंका नव्हती. तिची प्रियंका हैदराबादला एका दवाखान्यात नर्स आहे. मंगलनं त्याच दिवशी तिला फोन लावला, “तुझी आई दुकानात टीव्हीवर येणार हाय, बघायला जा.” पोरीनं ते दवाखानाभर केलं. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा विचारलं म्हणे, तुझ्या आईचा व्हिडिओ कधी येणार. मंगलनं जांभळी साडी काढली, केस शिकेकाईनं धुतले आणि आदल्या दिवशी मला आरशासमोर बसवून विचारलं, “सरूक्का, मी बोलताना माझं तोंड वाकडं होतंय का गं?”

“तुझं तोंड गप असलं की वाकडं दिसतंय,” मी म्हणाले. “बोलत राहा.”

पण बोलायची पाळी आलीच नाही. सकाळी ती परातीपुढं बसली, बंटीनं मोबाईल तिवईवर लावला, आत बघितलं, काकाकडं बघितलं, आणि म्हणाला, “मावशी, तुमच्यावर उजेड बसंना.”

मंगल परात घेऊन उन्हात गेली.

“आता उजेड जास्ती व्हायलाय.”

मंगल लिंबाखाली गेली. तिथं म्हणे सावली चट्ट्यापट्ट्याची पडते. भिंतीपाशी गेली, तर भिंतीचा रंग उडालेला. मांजर पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, तशी ती परात कमरेवर घेऊन अंगणभर फिरली.

“साडी भडक हाय बाई,” शेजारच्या रुद्रम्मा आज्जी म्हणाल्या. त्यांना मोतीबिंदू आहे.

“तसं न्हाई,” बाजेवरून श्रीपतराव म्हणाले. “गट म्हटल्यावर अध्यक्षीण दिसाया पाहिजे. रीत असती.”

“व्हय की ओ, रीत,” सगळे म्हणाले. उजेडावर इतकी चर्चा आमच्या गावात लाईट गेल्यावरसुद्धा होत नाही. जो तो उजेड, साडी, भिंत यांच्याबद्दल बोलत होता, आणि मंगलकडं कुणी बघत नव्हतं. मीही चुलीकडं बघत होते. तोंड उघडलं तर मालाची गिऱ्हाइकी जाईल, हे मलाही कळत होतं.

मग अध्यक्षीण गीताबाई परातीपुढं बसल्या. बाई मनानं वाईट नाही, हे मी आधीच सांगते. पण घरात सून आल्यापासून त्यांनी पिठात हात घातलेला नव्हता. पहिली भाकर उचलताना मधोमध फाटली. दुसरी आमच्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली, एका बाजूनं सरहद्दीपलीकडं गेलेली. तिसरी तव्यावर टाकताना अर्धी चुलीत पडली. गीताबाई स्वतःच खो खो हसायला लागल्या.

“बंटी, ही दाखव. हैदराबादचं गिऱ्हाईक विजापूरपस्तोर पळतंय बघ.”

तेव्हा बंटीच्या डोक्यात ते आलं. “काकू, तोंड तुमचं ठेवू. हात मावशीचे लावू.”

मी मंगलकडं बघितलं. तिनं परातीच्या कडेचं पीठ बोटानं निपटलं आणि म्हणाली, “बरं. हात तरी जातील हैदराबादला.”

हात तरी कुठं सुखासुखी गेले? मंगलच्या मनगटावर ‘जयभीम’ गोंदलेलं आहे, लग्नाआधीचं, चांगलं ठसठशीत. बंटी म्हणाला, “मावशी, फोकस सारखा तिकडंच जायलाय.” मग फोकससाठी मनगटावर पीठ फासलं. मंगलनं भाकर थापायला घेतली. थाप, थाप, थाप. तिसऱ्या थापेला पीठ झडलं आणि अक्षरं वर आली. परत पीठ. परत थाप. परत अक्षरं. रुद्रम्मा म्हणाल्या, “लई पक्कं गोंदलंय बाई.”

“व्हय आज्जी,” पदराखालून आवाज आला, “सुई दांडगी होती.”

आणि असं असूनही त्या पदरात त्या दोघींचं बरं चाललं होतं, हे मी जवळून ऐकलं म्हणून सांगते. गीताबाई हळूच विचारत होत्या, “केसाला काय लावतीस गं? वास चांगला येतोय.” मंगल म्हणत होती, “शिकेकाई. तुम्ही जरा डावीकडं कला, मला परात दिसंना.” एकदा मंगलला शिंक आली, तर आख्ख्या गीताबाई उडाल्या, आणि दोघी अशा हसल्या की लाजायचा शॉट बंटीला फुकट मिळाला. एकीची हनुवटी दुसरीच्या खांद्यावर, घामानं दोघींची पोलकी भिजलेली. मुंग्या आल्याची तक्रार तेवढ्यातच झाली होती.

थापणं झालं, भाजणं झालं. बंटीनं टाळी वाजवली.

“आता खायचा शॉट. काकू, भाकर मोडायची, चटणीला लावायची, खायची आन् म्हणायचं, आमच्या घरची चव. कडाड आवाज आला पाहिजे.”

गीताबाईनं पदराखालून आपला हात बाहेर काढला.

“आँ! काकू, हात बदलला की!” बंटीनं कपाळाला हात लावला. “थापताना सावळा, जाडजूड हात, आन् खाताना गोरा, तोबी पाटल्या घातलेला. लोक म्हणतील बाई हाय का देवी हाय, चार हातांची? तोच हात पाहिजे. मावशी, तुम्हीच घास उचला आन् काकूच्या तोंडात द्या.”

मंगलला पुढचं काही दिसत नव्हतं. तिनं चाचपडत भाकर मोडली, शेंगाच्या चटणीत तुकडा बुडवला आणि हात वर नेला. पहिल्यांदा तो गीताबाईच्या हनुवटीला लागला. मग नाकाला. नाकाच्या शेंड्याला चटणी लागली आणि सगळे हसले. श्रीपतराव तर बाजेवर उठून बसले. मग हात खाली सरकला, आणि तुकडा बरोबर ओठांपाशी आला.

“आत्ता! काकू, आ करा.”

गीताबाईनं आ केला नाही.

“काकू, आ.”

ओठ मिटलेलेच. हात तिथंच.

हसणं कसं थांबलं, ते सांगता येणार नाही.

“माझी… दाढ दुखायलीय रे,” गीताबाई तुकड्याला ओठ लागू न देता म्हणाल्या.

“मंग पल्लवी वैनीला बसवू,” बंटी म्हणाला.

पल्लवी म्हणजे गीताबाईची सून. ती दारातूनच म्हणाली, “मला सकाळपासून पित्त झालंय.” सकाळपासून ती दाराआड उभी राहून चिवडा खात होती.

“काका, तुम्ही?”

“मी आत्ताच जेवलो,” श्रीपतराव म्हणाले. थोड्या वेळापूर्वीच ते ‘जेवायला कधी वाढणार’ म्हणून ओरडले होते.

“रुद्रम्मा आज्जी?”

“माझा सोमवार हाय, बाळा.”

“आज्जी, आज बुधवार हाय.”

“बुधवारबी धरती मी. नवीनच धरलाय.”

“मंग तूच खा की रे,” मी बंटीला म्हणाले. मला राहवलंच नाही.

“मी? मी कॅमेऱ्याच्या मागं हाय, मावशी.” आणि तो खरोखरच मोबाईलच्या मागं गेला, जसं काही तिथं गेल्यावर माणसाला तोंडच राहत नाही.

हे सगळं होईपर्यंत मंगलचा हात हवेत तसाच होता. चटणीचं तेल मनगटावरून कोपराकडं वाहत होतं, आणि त्यानं उरलंसुरलं पीठही धुऊन नेलं. आमची भाकर हैदराबादला जाते, उदगीरला जाते, पुण्याला कुणाच्या तरी लेकीच्या घरी जाते. तिथं ती कोण खातं, त्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत. ह्या अंगणात मात्र सगळ्यांचे दात एकाच वेळी बिघडले होते.

श्रीपतरावांनी घसा साफ केला. त्यांना वाटलं, आपण भांडण मिटवायलोत.

“एवढं अडायला काय झालं? पल्लवी, घरात आपल्या चुलीवरची भाकर असंल, ती आण. तीच मोडायची, तीच खायची. भाकर ती भाकर. व्हिडिओत कुणाला कळतंय?”

“हां, हे बेस,” बंटी म्हणाला.

“आयतु, आयतु,” रुद्रम्मांनी कानडीत मान डोलावली. झालं म्हणे, सुटलं सगळं.

पल्लवी आत वळली. मला मंगलचा हात दिसत होता. चेहरा सकाळीच उजेडाच्या नावाखाली गेला होता. हातावर पीठ चढलं होतं. आता परातीतली भाकर तेवढी तिची उरली होती.

हात खाली आला. तुकडा तिनं परातीत ठेवला, नीट, काठावर. मग गीताबाईच्या पाठीमागून पदर हलायला लागला, आणि मंगल उठली. गुडघे आखडले होते म्हणून तिनं गीताबाईच्या खांद्याचा आधार घेतला, आणि गीताबाईनं तो देऊ केला. पदर खाली पडला. जांभळी साडी चुरगळलेली, केस विस्कटलेले, कपाळावर पिठाचा ओरखडा. ती सरळ तिवईसमोर जाऊन उभी राहिली. भर उन्हात.

“बंटी, हे चालू हाय का रे?”

“हाय… म्हंजे, बंद करतो की मावशी…”

“हात लावू नगंस. राहू दे.”

“मंगल,” श्रीपतराव बाजेवरून म्हणाले, “कामून उगं—”

“अण्णा, दोन मिन्टं. तुम्ही जेवलाव न्हवं, मंग बसा आरामशीर.”

गीताबाई खाली मान घालून बसल्या होत्या. नाकाच्या शेंड्यावर चटणी तशीच. पण “बंद कर” असं त्या म्हणाल्या नाहीत.

मंगलनं मोबाईलच्या आत बघितलं, प्रियंकाशी बोलताना बघते तसं. तोंड अजिबात वाकडं नव्हतं.

“मी मंगल. ही भाकर मी थापती. तुमच्याकडं येती ती हीच. उजेड चांगला हाय, भिंतबी चांगली हाय, आन् दाढ हितं कुणाचीच दुखत न्हाई. ह्या घरात ही भाकर कुणी खात न्हाई, कामून की ती मी थापती.”