चाळिशी लागलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. खरं तर स्वतःला कॅमेरा म्हणवून घ्यायलाही मी बिचकतो. माझा डोळा मोडीत काढलेल्या संगणकाचा, अंग साबणाच्या डबीचं आणि शेपटी म्हणजे खिडकीतून घरात गेलेली वायर. मला घडवलं काकांनी. बागेच्या भिंतीवरच्या चिमण्यांच्या पेटीवर त्यांनी एक छोटा माळा केला आणि मला तिथे पालथं बसवलं.

हा खटाटोप काकूसाठी होता, तिला पेटी न उघडता घरातल्या टीव्हीच्या पडद्यावर आतलं दिसावं म्हणून. गेल्या वर्षी ती हौसेने सारखी झाकण उघडून डोकावायची. चिमणी बिथरून गेली ती गेलीच, अंडी गार पडली. काकूच्या मनाला ते फार लागलं होतं.

पेटी रिकामी होती तेव्हा मला तिचा तळ लख्ख दिसे. पुढे चिमण्यांनी गवत, पिसं, सुतळी यांचा असा ढीग रचला, की घरटं थेट माझ्या नाकाशी आलं. घरातल्या पडद्यावर नुसता करडा ढग दिसू लागला. त्यातच भिंत रंगवायला रंगारी आला.

"ही पेटी काढतो हं. आत कुणी राहत नाही," तो शिडीवरून म्हणाला.

"राहतं की!" काकू ओरडली.

"मग दाखवा. मी जेवून येतो तोवर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आंधळा, आणि साक्ष माझीच हवी!

काकांनी वायर हलवून पाहिली. "बिघडलाय गं हा."

"बिघडला कसला? तळ दिसत होता ना? म्हणजे लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. तुमच्यासारखी चाळिशी लागलीय त्याला!"

"कॅमेऱ्याला चाळिशी?"

"मग! तुमचा तो मोडका चष्मा आणा आधी."

काकू शिडीवर चढली. श्वास रोखून तिने फक्त माळ्याचं झाकण सरकवलं आणि चष्म्याची काच माझ्या डोळ्यापुढे चिकटवली. खाली घरट्यातली काडीही हलली नाही.

आणि मित्रांनो, ढग फाटला! आधी गवताची काडी दिसली, मग पीस, मग चिमणीची पाठ. ती जरा उठली, तशा तिच्या पोटाखालून गुलाबी माना वर आल्या. चोची आ वासलेल्या!

"अगं, पिल्लं! पिल्लं आहेत!" घरात पडद्यासमोर बसलेल्या काकांची आरोळी बागभर गेली. काकू शिडीवरच हसत रडू लागली.

रंगाऱ्याने परत येऊन पडद्यावर नाक टेकवलं. "अरेच्चा, घरमालक आहेत की घरात!" म्हणाला आणि पेटीच्या आसपासची भिंत तशीच सोडून दुसऱ्या बाजूला शिडी घेऊन गेला.

पुढे ती पिल्लं माझ्यादेखत पिसारली आणि एका सकाळी एकामागून एक भुर्र उडाली. त्या क्षणी माझ्याइतका ऐटबाज कॅमेरा जगात दुसरा नसेल!

म्हणून एवढंच सांगतो. घरट्यात जीव असेल तर झाकणाला हात लावू नका. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र अडून बसलं, तर टाकून देण्याआधी त्याला नेमकं काय जमत नाहीये, तेवढं मायेने बघा.