उलटी पिन

चेंडू पिवळा आहे, रबरी आहे आणि पलंगाखाली आहे.

तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढी काचेची नळी. आत केसाएवढी तार.

"चालतं का?" "चालतं."

गणवेशाची कॉलर आधी उलट्या बाजूनं शिवतात, मग टोकं बाहेर काढतात.

डावा अंगठा: हालचाल नाही.

कॉर्डलेस फोन केव्हाच गेला. अडॅप्टर राहिला. अडॅप्टर नेहमी राहतातच.

*

आता ओळीनं सांगते.

आईला झटका येऊन पाच आठवडे झाले. पाय परत आला. बोलणं परत आलं, पण एका वेळी दोन-तीन शब्द. डावा हात आला नाही. रोज सकाळी एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते, आई तिला व्यायामवाली म्हणते. व्यायामवालीनं मला दारात गाठून सांगितलं, "अंगठा आधी हलू दे. तो हलला तर बोटांचं बघता येईल. पण काकूंनी मनावर घ्यायला हवं. मी ओढून हलवते त्याला अर्थ नाही."

मनावर घ्यावं म्हणून तिनं चेंडू दिला. आईनं तो उजव्या हातानं भिरकावला.

"मी काय... मांजर?"

"मग काय देऊ हातात?" मी वैतागून विचारलं.

आईनं छताकडे बघत बराच वेळ शब्द शोधला. "टपालवाला."

टपालवाला म्हणजे आमच्या लहानपणच्या टीव्ही-गेममधला माणूस. खांद्यावर पिशवी, पत्रं वाटत पळतो, खड्डे ओलांडतो. आम्ही भावंडं शाळेत गेलो की आई शिवणाचं मशीन थांबवायची आणि त्याला घेऊन बसायची. आम्ही तिसऱ्या गल्लीत मरायचो. ती नवव्या गल्लीत पोचली होती, आणि हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. यंत्र घर बदलताना कुठंतरी गेलं. कॅसेट बटणांच्या डब्यात राहिली.

त्या खेळात उजव्या अंगठ्यानं उडी मारायची. डाव्यानं चालायचं.

डाव्यानं. मी त्याच दुपारी यंत्र शोधायला निघाले.

*

जुन्या सामानाच्या दुकानात, मिक्सरच्या भांड्यांच्या मागं ते होतं. तेच. करडं, लाल बटणाचं.

"चालतं का?"

"चालतं."

"चालवून दाखवा ना."

"अडॅप्टर नाही त्याचा. तुमच्याकडचा कुठलाही लावा, चालतं."

आता हे दुसरं 'चालतं' यंत्र चालतं असं होतं, की कुठलाही अडॅप्टर चालतो असं होतं, हे मी विचारलं नाही. यंत्राच्या खोक्यात तळाशी एक चिठ्ठी होती. आधीच्या मालकाची असावी. निळी शाई, गोल अक्षर: *पिन उलटी आहे.*

घरी येऊन कॉर्डलेस फोनचा अडॅप्टर लावला. नऊ व्होल्ट. पिन इतकी छान बसली की मला वाटलं, जमलं. लाल बटण दाबलं.

काही नाही.

चिठ्ठी आठवली. भिंतीतला प्लग काढला, उलटा करून लावला.

काही नाही.

"मेलंय," मी म्हटलं.

"कशानं?" आई म्हणाली.

पाच आठवड्यांत तिनं खरंच काही जाणून घ्यायला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खाली गेले आणि कानवाल्यांना घेऊन आले.

*

कानवाले आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ऐकायची यंत्रं दुरुस्त करतात. बारीक काम. त्यामुळे ते मोठ्या वस्तूकडेही ती नखाएवढी असल्यासारखं बघतात. आईच्या खोलीतच टेबल मांडलं, कारण आईनं पलंगावर हात आपटून तसं सुचवलं.

त्यांची एक पद्धत आहे. आधी भिंत, मग वायर, मग यंत्र, शेवटी गिऱ्हाईक.

भिंत: त्याच जागी टेबललॅम्प लावला. लागला.

"प्लग मी उलटा लावूनही बघितला," मी सांगितलं.

"भिंतीला उलटं-सुलटं कळत नाही, ताई."

वायर: मीटरची लाल सुई पिनेच्या भोकात, काळी बाहेरून. नऊ आणि थोडं. "अडॅप्टर ठणठणीत."

यंत्र: सहा स्क्रू. आत धूळ, एक वाळलेला कोळी आणि कुणाचा तरी दुधाचा दात. दात त्यांनी आदरानं बाजूला ठेवला. स्विच स्पिरिटनं पुसला, दहा वेळा खटखट केला, मीटर लावला. मीटर वाजला.

"स्विच बरोबर. मग अडतंय कुठं?"

"फ्यूज," आई म्हणाली. शिवणाच्या मशीनच्या मोटरचा फ्यूज ती स्वतः बदलायची.

"काकू, मी तिकडंच निघालो होतो."

"मग... निघा."

काचेची नळी आतून काळी पडली होती. कानवाल्यांनी औषधाच्या डबीतून नवी काढली. त्यांच्याकडे तशा दोनच होत्या. बसवली, बटण दाबलं. नळीत काजव्याएवढा उजेड पडला आणि विझला.

"अरेच्चा," कानवाले म्हणाले. ते खुर्ची पुढं ओढून बसले. आत्तापर्यंत ते शेजारधर्म म्हणून आले होते. आता त्यांना कळायलाच हवं होतं.

शॉर्ट शोधला. मीटरच्या सुया एका बाजूनं लावल्या, वाजला. फिरवून लावल्या, गप्प.

"शॉर्ट असता तर दोन्हीकडून वाजला असता. हा डायोड आहे, वीज एकाच बाजूनं सोडतो, आणि चांगला आहे. सगळंच चांगलं आहे, ताई! मग फ्यूज उडतो कसा?"

"तुम्ही मला काय विचारता?"

"पद्धतीप्रमाणे आता गिऱ्हाईक उरलं. तुम्ही काय काय केलंत?"

मी सांगितलं. मग चिठ्ठीही दाखवली.

*

पिन उलटी आहे. म्हणजे काय?

मी: प्लग उलटा लावायचा. (बाद.)

कानवाले, पहिल्यांदा: "उलटी? यंत्राला?" (आई हसली. अर्ध्या तोंडानं.)

कानवाले, दुसऱ्यांदा: पिन वरची खाली करून घालायची. पण पिन गोल. गोलाला वर-खाली नसतं. त्यांनी तरी फिरवून बघितली.

मी: वाकडी असेल, त्याला उलटी म्हटलं असेल.

कानवाले: "वाकड्याला कोण उलटं म्हणतं?"

मी: "दुकानदार गेम चालत नाही याला चालतं म्हणतो, ते चालतं का?"

आई: "बाही."

"काय गं? पाणी हवंय?"

"बाही!" ती चिडली. उजव्या हातानं तिनं डाव्या हातावरची गाऊनची बाही धरली आणि मनगटापासून ओढत दंडापर्यंत पालथी केली. शिवण बाहेर आली, धाग्यांची टोकं बाहेर आली. ती शिवण तिनं कानवाल्यांपुढं धरली.

"उलटी," ती म्हणाली. "आतलं... बाहेर."

चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या बाईला उलटं म्हणजे वरचं खाली कधीच नव्हतं. कापडाला डोकं नसतं, कापडाला दोन बाजू असतात.

कानवाल्यांनी बाहीकडे बघितलं. मग पिनेकडे. मग मीटरची एक सुई यंत्राच्या भोकातल्या बाहेरच्या कड्याला टेकवली आणि दुसरी फ्यूजच्या टोकाला. मीटर वाजला.

"अधिक बाहेर आहे," ते म्हणाले. "आत उणे. आपल्या अडॅप्टरला अधिक आत. मी नऊ व्होल्ट बघितले, पण यंत्राला ते कुठल्या बाजूनं हवेत हे बघितलंच नाही. काकू, पस्तीस वर्षं हे काम करतोय मी."

"मी... चाळीस."

"पहिला फ्यूज तुम्ही उडवलात ताई, दुसरा मी. फिट्टंफाट. आणि बरं झालं उडाले ते. नाहीतर आतली चिप गेली असती."

अडॅप्टर भिंतीतून काढला. वायर मध्ये कापली, दोन तारा सोलल्या, हिची तिला आणि तिची हिला जोडली, वर चिकटपट्टी. मीटरवर नऊच्या आधी आता वजा आलं. शेवटचा फ्यूज बसवताना ते म्हणाले, "हा गेला की मी पण गेलो."

मी यंत्र टीव्हीला जोडलं, बटणांच्या डब्यातली कॅसेट खोचली आणि बटण दाबलं.

लाल दिवा लागला, आणि आईच्या खोलीतल्या जुन्या डबा टीव्हीवर, मुंग्यांच्या गर्दीतून, खांद्याला पिशवी लावलेला माणूस उभा राहिला.

*

आईला तीन उशांवर टेकवून बसवलं. कंट्रोलर तिच्या मांडीवर. उजवा हात आपोआप जागेवर गेला. डावा मी उचलून ठेवला, अंगठा फुलीच्या बटणावर टेकवला. तो तिथं राहिला, कुणी ठेवलेली वस्तू राहते तसा.

टपालवाल्यानं उडी मारली. परत मारली. परत.

"जागच्या जागीच मारतोय," कानवाले म्हणाले.

"गप्प," आई म्हणाली.

उडी. उडी. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात वेळ कमी होत होता. शून्य झालं की टपालवाला आडवा पडायचा, मग पुन्हा पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभा. तीनदा असं झालं. कानवाल्यांनी अजून स्क्रू गोळा केले नव्हते. खाली दुकान उघडं आहे, याची त्यांना मी आठवण करून दिली. "असू दे उघडं," ते म्हणाले.

चौथ्या वेळी मी टीव्हीकडे बघत नव्हते. मी अंगठ्याकडे बघत होते. नखाभोवतीची कातडी पांढरी झाली. म्हणजे तो दाबत होता. नुसता टेकलेला नव्हता.

"निघाला!" कानवाले ओरडले.

मी वर बघितलं. टपालवाला चार पावलं चालला, गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्याशी पोचला, थांबला नाही, उडी मारली नाही, सरळ आत गेला.

"मेला!" आई म्हणाली. एका दमात, स्वच्छ, राग आल्यासारखी. "मेला, बघून... चालत नाही."

तिनं पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं.

यंत्र आणलं त्याच्या आदल्या दिवशी मी भावाला फोनवर सांगितलं होतं, आईचा डावा हात गेला असंच समज.