गाडी शेडच्या मागे

माझा नवरा डीत्रिख गेल्यापासून दर रविवारी चर्चमधून आलं की मी गाडी शेडच्या मागे नेऊन लावते. आमच्या गावात रविवारी दुपारी कुणी कुणाला बोलावत नाही, सरळ येतात. पाव, चीज, मुरंबा, कॉफी. याला आम्ही फास्पा म्हणतो. कोण टपकेल सांगता येत नाही, म्हणून शनिवारी पाव जास्तीचेच भाजायचे. अंगणात गाडी दिसली तर आत वळायचं, नाही दिसली तर पुढच्या घरी. माझी दिसत नाही, सगळे पुढच्या घरी जातात.

माझी नणंद युस्टिना फोनवर म्हणाली, "वहिनी, दर रविवारी बरी तू घरी नसतेस. जातेस तरी कुठे या थंडीत?"

"फिरायला."

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोल."

खरं एवढंच, की मला त्या टेबलाशी बसवत नाही. मी बेसिनपाशी उभ्यानेच खाते. टेबलाशी बसलं की आधी प्रार्थना करावी लागते आणि माझ्याकडे देवाशी बोलायला काही उरलेलं नाही. राग असता तरी बरं होतं. आत सगळं बधिर आहे, मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय होतो तसं. येणाऱ्याला बसवलं की मलाही बसावं लागणार, म्हणून गाडी शेडच्या मागे.

जानेवारीतल्या एका रविवारी दार वाजलं. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही, ढकलून आत येतात. म्हणजे माणूस परका. उघडलं तर उंच, काळा, तरुण मुलगा, अंगात पार्सलवाल्यांचं जाकीट, बुटांत बर्फ.

"मावशी, माझी व्हॅन घसरली, खड्ड्यात गेलीय. ओढायला येणाऱ्याला वेळ लागेल म्हणतात. तोवर इथे दारात उभा राहू का?"

"दारात? पुतळा व्हायचंय का? आत ये."

"बूट ओले आहेत."

"मग काढ."

त्याचं नाव वरसामे. राहायला विनिपेगला, मूळचा सोमालियाचा. म्हणाला, "खड्ड्यातून शेडमागची गाडी दिसली. म्हटलं, घरात कुणीतरी असणार." सगळ्या चर्चला मी चकवलं होतं, पण खड्ड्यात पडलेल्याला ती गाडी दिसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कॉफीचा कप हातात देऊन त्याला शेगडीजवळ उभं ठेवता आलं असतं. तसा विचारही आला. पण या घरात साध्या फेरीवाल्यालाही कधी उभ्याने खायला घातलेलं नाही. येशूच्या नावाने दार उघडायचं आणि माणसाला उभं ठेवायचं, हे माझ्या हातांना जमेना. त्यांनी आपलं आपण टेबल मांडलं. सॉसेज काढलं, तर तो हळूच म्हणाला, "मावशी, डुकराचं मला चालत नाही."

"बरं. अंडी चालतात ना?"

"पळतात."

आम्ही बसलो. मी मान खाली घातली. त्यानेही घातली.

आमची जेवणाआधीची प्रार्थना मुक्याने असते. शब्द नाहीत, आमेन नाही. घरच्या कर्त्याने मान वर करून पावाला हात घातला की ती संपली. डीत्रिखला नेहमी भूक लागलेली असायची, त्यामुळे आमची प्रार्थना आखूड. आता मान खाली घालून मी बसून राहिले. मनात काहीच येईना, आणि संपवायला कुणी नव्हतं. वरसामे मांडीवर हात ठेवून गप्प. चांगल्या घरचा मुलगा, मोठ्यांच्या आधी ताटाला हात लावणार नाही. कॉफीची वाफ विरली. अंडी थिजली. माझी मान भरून आली, तरी आम्ही दोघं तसेच.

शेवटी मान वर न करताच त्याने विचारलं, "मावशी, अजून कुणी यायचंय का?"

"हो," मी म्हणाले. मग माझं मलाच ऐकू आलं. "नाही. तो नाही यायचा आता. घे तू."

मी मान वर केली आणि पाव उचलला. मग त्यानेही उचलला. ती प्रार्थना झाली की नाही, देव जाणे. मला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. नुसती भूक लागली, सपाटून, आणि त्या भुकेची मला लाज वाटली. समोर तो परका मुलगा गार अंडी खात होता, आणि मी डीत्रिखच्या टेबलाशी बसून एकामागून एक पाव खात सुटले.