काळूचा खांदा

चौकमंडईत कुणालाही विचारा, माझं घर दाखवतील. महेबूब हाडवैद्य म्हणजे मीच. हात माझे चांगले, जीभ वाईट. दहा वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी रंगनाथ डॉक्टरांनी दवाखाना काढला, तेव्हापासून मी बजावून ठेवलं होतं, आधी डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला मी हात लावणार नाही. दोन-चार जणांना दारातून हाकलूनही दिलं होतं.

सन चौतीसच्या उन्हाळ्यात एके सकाळी हरसूलकडचा काळू आला. बैलगाडी उलटून त्याचा उजवा खांदा निखळला होता. सोबत बायको, चिमणाबाई. काळू भिंतीला टेकून पेंगत होता. खांदा निखळलेला माणूस कण्हतो, पेंगत नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला वाटलं, वाटेत घेतली असेल.

"बाटली आणलीय ना? पाज," मी म्हटलं. दारूला मी शिवत नाही. ज्यानं त्यानं आपली आणावी, घरच्यांनी पाजावी, अंग सैल पडलं की मी हाड बसवावं, अशी आमच्याकडची रीत. चिमणाबाईनं मोहाची दारू त्याच्या घशात ओतली. थोड्या वेळानं मी त्याच्या बगलेत टाच रोवून हात ओढला. खांदा बसला. काळूनं हूं की चूं केलं नाही.

मी खूश झालो. माझी बायको सकीना पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली. "अजी, याचे ओठ निळे पडलेत!"

श्वास होता, पण एक झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. मी गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, चिमटे काढले. काही नाही.

"बाई, याला आणखी काय दिलंय?"

"काय नाय."

"खरं बोल!" मी ओरडलो तशी ती आणखीच मिटली. सकीनानं मला गप्प केलं आणि ती तिच्याजवळ बसली. "बोल गं. तुला कुणी हाकलणार नाही."

चिमणाबाईनं ओटीतून औषधाची बाटली काढली. कागदी पट्टीवर डोसाच्या तीन खुणा, आणि बाटली रिकामी. "काल डाक्तरकडं गेलो व्हतो. तो म्हनला, दवाखान्यात ऱ्हावा. चिरफाडीचं भ्या वाटलं, म्हून दुखन्याची ही दवा तेवढी घेऊन निघालो. सकाळी हा लय वरडाय लागला, मंग समदं एकदम पाजलं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी हात लावला असता का?"

नसता लावला. मी अनवाणीच धावलो आणि रंगनाथ डॉक्टरांच्या दारात हात जोडून उभा राहिलो.

ते आले तेव्हा श्वास थांबल्यातच जमा होता. त्यांनी पापणी उचलून पाहिली. "बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. माझ्या औषधात अफू आहे, महेबूबभाई. अफूनं मेंदू सुस्तावतो, दारूनंही सुस्तावतो. दोन्ही एकत्र गेली की श्वास घ्यायचा हेच मेंदू विसरतो. आता तो आपण द्यायचा. याचे हात धरा, डोक्यावर न्या, परत आणून छातीवर दाबा."

"खांदा निखळेल."

"निखळू दे."

दुसऱ्याच खेपेला खांदा निसटल्याचं माझ्या बोटांना कळलं. माझंच काम मी माझ्याच हातांनी मोडत होतो. थांबलो नाही. वर, खाली, छातीवर. डॉक्टर मोजत होते, चिमणाबाई नवऱ्याचे तळपाय घासत होती. माझे दंड भरून आले की डॉक्टर हात धरत, ते दमले की मी. दुपारची अजान झाली. मी नमाजला उठलो नाही, तिथेच मनातल्या मनात त्याच्यासाठी मागत राहिलो.

उन्हं कलल्यावर काळूनं स्वतःहून श्वास ओढला. मग दुसरा. तिसरा येईपर्यंत आम्ही कुणीच हललो नाही. तो आला. दिवेलागणीला डोळे उघडून काळू म्हणाला, "आये, खांदा गेला माजा."

आता दारू द्यायची नव्हती, औषधही नाही. डॉक्टरांनी त्याला घट्ट धरून ठेवलं आणि मी खांदा पुन्हा बसवला. काळू असा किंचाळला की मंडईतली माणसं धावत आली. मला रडू फुटलं.

"ओरड बाबा," मी म्हटलं, "हवं तेवढं ओरड."