कामाचा वास

माझ्या धाकट्या भावाला त्या मीटिंगचा पत्ता कुणी दिला नाही. वाचनालयाच्या बाकांना पॉलिश करताना तो त्याला सापडला. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवत राहायची, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. दारूपायी हात थरथरायला लागले होते, पण बोळा धरला की तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागायचे.

एका शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला. एवढी माणसं एवढी हसतात म्हणजे बाटली उघडलेली असणारच, असं त्याला वाटलं. त्यानं रखवालदाराला विचारलं, "वर कोण बसलंय प्यायला?"

"पिणारेच आहेत," रखवालदार म्हणाला, "पण पीत नाहीत."

"मग हसतात कशाला?"

"ते वर जाऊन विचार. माझी ड्युटी दाराशी."

जिना चढायला त्याला आणखी काही शनिवार लागले. तोवर काम संपलं होतं. एकाच बाकाला उगाच पुन्हा पुन्हा हात देत तो खाली घुटमळायचा. शेवटी रखवालदारच म्हणाला, "अरे, त्या बाकात आता लोक तोंड बघून केस विंचरतात. जा की वर."

तेव्हा तो माझ्याकडे राहत होता. भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली होती. जाताना मला एवढंच म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या देवालाच सांभाळू दे आता. माझ्यानं होत नाही." मी रोज देवाला सांगत होते. तो रखवालदाराच्या तोंडून बोलेल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

वरच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात चहाची किटली. आडनाव कुणी विचारत नव्हतं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्येच सल्ले द्यायचे नाहीत. बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे होते, सगळे त्यांना ब्रेककाका म्हणायचे. ते भावाला म्हणाले, "कायमची सोडायची शपथ घेऊ नकोस. शपथा आपण सगळ्यांनी पोत्यानं घेतल्यात. आज पिऊ नकोस. उद्याचं उद्या बघू."

घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मला हसू आलं.

"हसतेस काय, ताई?"

"अरे, माझा नेम तसाच चालतो. मी कुठे जन्मभराचं बोलते? सकाळी उठते आणि आजचा आज पाळते."

"मग आधी सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तेव्हा तू ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतास."

त्यानंतर रोज सकाळी माझी प्रार्थना संपेपर्यंत तो दारात उभा राहायचा. मी डोळे उघडले की म्हणायचा, "आज नाही." मीही म्हणायची, "आज नाही." मग डबा उचलून कामाला जायचा. दुपारी तल्लफ आलीच तर ब्रेककाकांना फोन करायचा. ते म्हणे नुसतं विचारायचे, "जेवलास का?" आणि तेवढ्यानंही भागायचं.

महिन्यातून एकदा त्या मीटिंगला घरच्यांनाही येता येतं. अशाच एका शनिवारी तो पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलणार होता. मी भावजयीला बोलावलं.

"येते," ती म्हणाली. "पण वास आला तर तिथूनच मागे फिरेन. मग पुन्हा मला बोलावू नका, वन्सं."

नेमका त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडे पॉलिशचा डबा त्याच्या शर्टावर कलंडला. आंघोळीला घरी गेला असता तर त्याच्या बोलण्याची वेळ टळली असती. तो तसाच आला आणि आमच्या खुर्च्यांमागून पुढे गेला.

भावजय ताठ झाली. "आला वास."

"पॉलिशचा असेल गं."

"हेच ऐकत आलेय लग्न झाल्यापासून." तिनं पर्स उचलली आणि ती दाराकडे निघाली.

भावानं ते पाहिलं. पूर्वीचा असता तर धावत आला असता, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो म्हणाला असता. आता त्यानं नुसती खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माझी बायको निघालीय," तो म्हणाला. "तिला वास आला. आजचा वास पॉलिशचा आहे, पण तिनं ते का मानावं? मी पिऊन घरी जायचो, तेव्हा जिन्यात थांबून बाहीवर पॉलिश चोळायचो. त्यासाठी खिशात वेगळी बाटली ठेवायचो. ती म्हणायची, प्यायलात. मी म्हणायचो, कामाचा वास आहे, तुझ्याच मनात पाप. एकदा तर तिनं माझी माफी मागितली. मी ती घेतली आणि जेवायला बसलो."

मला हे ठाऊक नव्हतं. भावजयीलाही नव्हतं. तिचा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला.

"म्हणजे माझं नाक बरोबर होतं," ती दारातूनच म्हणाली. मध्ये बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.

"दर वेळी," तो म्हणाला.

ती परत येऊन माझ्याशेजारी बसली. भाऊ पुढे बोलत राहिला, पण तिचं तिकडे लक्ष नसावं. "मी डॉक्टरकडे जाऊन आले होते, वन्सं," ती हळूच म्हणाली. "नाक दाखवायला. वाटायचं, मलाच काहीतरी झालंय." मी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता, पण तिनं तो सोडवून घेतला नाही.

नंतर सगळे चहाला उठले, तेव्हा ती सरळ भावापुढे जाऊन उभी राहिली. "वाका जरा."

तो वाकला. दूध नासलंय का ते बघावं, तसं तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"चहा," ती म्हणाली. "साखर फार घालता."

"इथे सगळेच घालतात," ब्रेककाका म्हणाले. "एक सवत गेली की दुसरी येते. ही निदान लवकर झोपू देते."

भावजय हसली. किती दिवसांनी हसली, कोण जाणे. मग पदर सारखा करत म्हणाली, "उद्या मुलीला घेऊन येते. जेवायला. राहायला नाही."

"बरं," भाऊ म्हणाला, आणि त्यापुढे एकही शब्द त्यानं जोडला नाही.