डाव्या हाताची चूक

ताईने आजवर शेकडो सिनेमे नापास केले होते आणि त्यापायी तिची झोप कधी उडाली नव्हती. त्या रविवारी दुपारी मात्र अभिप्राय लिहून दहा मिनिटं होत नाहीत तोच तिचे हातपाय गार पडले.

ती फिजिओथेरपिस्ट होती. लकवा मारलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चमचा धरायला शिकवायचं, हे तिचं अठ्ठावीस वर्षांचं काम. त्यामुळे पडद्यावर कुणी आजारी पडलं की तिच्या जिभेला धार चढायची. सहा महिने बेशुद्ध पडलेली नायिका ओठांना रंग लावून डोळे उघडते, चाकांच्या खुर्चीतला बाप शेवटच्या प्रसंगात मुलीसाठी ताडकन उठतो, मरणारा माणूस पाऊण पानाचं भाषण करून मगच मान टाकतो, हे तिला सहन होत नसे. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती दर रविवारी अभिप्राय टाकायची, दहापैकी गुण देऊन. लोक सिनेमा बघोत न बघोत, ताईचा अभिप्राय वाचायचे. धाकटा भाऊ म्हणायचा, हिला देवाने दोन डोळे चुका काढायलाच दिलेत.

हा धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि तीस वर्षं हौसेने नाटकात काम करायचा. ताईने त्याला आजवर चारच्या वर गुण दिले नव्हते. या खेपेला त्याला उजवी बाजू लुळी पडलेल्या म्हाताऱ्याची भूमिका मिळाली, तेव्हा तो आपण होऊन तिच्या विभागात आला आणि चार दिवस कोपऱ्यात बसून पेशंट बघत राहिला. मांडीवर हात कसा पडतो, बोटं कशी मुडपतात, तोंडाचा कोपरा किती उतरतो, हे तिनेच त्याला शिकवलं. "कमी कर," ती सारखी म्हणायची, "फार करतोयस. आजारी माणूस आजार दाखवत नाही, लपवतो."

शनिवारी पहिला प्रयोग झाला तेव्हा ताईची ड्यूटी होती. दिग्दर्शकाने कॅमेरा लावून केलेलं चित्रण रविवारी सकाळी ग्रुपवर आलं. ती जेवण आटोपून, चष्मा पुसून बसली आणि पूर्ण बघितलं. खरं सांगायचं तर तिला भरून आलं. पण तसं लिहील तर ती ताई कसली. तिने लिहिलं:

"गुण सहा. एक मोठी चूक. मध्यंतरापर्यंत उजवा हात लुळा होता, नंतर चार मिनिटं डावाच लुळा केलास. लकवा जागा बदलत नाही, राजा. तोंड वाकडं ठेवायलाही तेव्हाच विसरलास. त्याचा एक गुण कापला."

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग धाकट्याचं उत्तर आलं. "डावा? डाव्या हाताला मी काही केलंच नाही. नीट बघ."

आता हरायचं म्हणजे काय? त्याला नेमकं मिनिट दाखवून गप्प करावं म्हणून तिने चित्रण पुन्हा लावलं, मागे-पुढे केलं आणि ती जागा सापडली. सून पाण्याचा पेला देते, म्हातारा तो धडधाकट डाव्या हातात घेतो. पेला सुटतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

धाकटा खाली बघत नाही.

तिने पुन्हा लावलं. पेला मुद्दाम सोडणारा नट खाली बघतो, चुकून सुटला तर जास्तच बघतो. हा समोर बघत राहिला, हातात अजून पेला असल्यासारखा. डावा हात खुर्चीवरून घसरून बाजूला लोंबला आणि त्याला ते कळलंच नाही. तिने चित्रणातला त्याचा चेहरा मोठा केला. तो तोंड वाकडं करायला विसरला नव्हता. उजवा कोपरा तिने शिकवला होता तसाच उतरलेला होता. डावाही उतरला होता, म्हणून तोंड सरळ दिसत होतं.

चित्रण आरशातल्यासारखं उलटं तर आलं नसेल? तिने नाटकातल्या घराच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आकडे सरळ होते.

चार मिनिटांनी डावा हात हलला, मांडीवर आला, आणि नाटक पुढे चाललं.

असे पेशंट तिने मोजता येणार नाहीत इतके पाहिले होते. आधी चार-पाच मिनिटांचा झटका येतो, निघून जातो, माणूस म्हणतो काही नाही, हात बधिर झाला होता. आणि मग एक-दोन दिवसांत खरा येतो. ते तिच्याकडे येतात ते त्यानंतर, चाकांच्या खुर्चीतून. जे पाहून सख्ख्या बहिणीने दवाखाना गाठायचा, ते पाहून तिने गुण कापला होता.

तिने व्हिडिओ कॉल लावला. धाकटा सभागृहातच होता, मागे कुणीतरी पडदा ओढत होतं.

"काल पेला पडला तेव्हा काय झालं?"

"हाताला घाम होता. अजून तेच धरून बसलीस?"

"दोन्ही हात वर कर. कर आधी."

त्याने केले. सरळ, सारखे. ती श्वास सोडणार तोच डावा हात हळूहळू खाली आला, तोंड वाकडं झालं, मान कलली. मग तो खो खो हसला. "याला किती?"

"चावटपणा करू नकोस. आत्ता दवाखान्यात चल. काल तुला झटका आला होता."

"पाच वाजता प्रयोग आहे, ताई. उद्या येतो, शप्पथ."

"उद्या नाही."

त्याचं हसू गेलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा लोक उभे राहिले माझ्यासाठी. सगळ्यांना आवडलं. तुला त्यात आजार सापडला." आणि त्याने फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला तर बंद. भावजयीचा वाजत राहिला, ती बाहेर तिकिटं विकत असणार. दिग्दर्शकाने उचलला, पण तो घाईत होता. "ताई, अभिप्राय प्रयोगानंतर द्या ना."

ती घरातल्या चपलांवरच खाली उतरली. टॅक्सीत बसल्यावर तिने आपल्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात फोन केला. नर्स ओळखीची होती.

"लकव्याचा पेशंट आणतेय, तयारी ठेव. गाडी पाठव." तिने सभागृहाचा पत्ता सांगितला.

"कधी झालाय, मॅडम?"

"अजून झाला नाही," ताई म्हणाली. नर्सने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला आणि गाडी पाठवते म्हणाली.

सिग्नलवर तिला वाटलं, आपणच वेडगळपणा करतोय. धाकटा खरंच चांगला नट झाला असेल आणि ते आपल्याला बघवत नसेल. तिने मनापासून इच्छा केली की तसंच असावं. आपण चुकावं, सगळ्यांनी हसावं, त्याने जन्मभर टोमणे मारावेत.

सभागृह वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना तिला धाप लागली. आत दुसऱ्या अंकाची तालीम चालली होती. धाकटा रंगमंचावर चाकांच्या खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर मुडपलेला, मान किंचित पुढे. सगळे श्वास रोखून बघत होते. दिग्दर्शकाने ताईला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग कौतुकाने कुजबुजला, "कालच्यापेक्षा भारी करतोय आज. शब्दसुद्धा कसे जड काढतोय बघा."

धाकट्याचं तोंड सरळ होतं.

ती रंगमंचावर चढली तेव्हा कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले, रोज सकाळी पेशंटचे घेते तसे.

"माझे हात दाब. दोन्ही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाटकातल्या लुळ्या उजव्या हाताने तिची बोटं इतकी करकचून आवळली की अंगठी रुतली. डावा हात तिच्या तळव्यात ओल्या फडक्यासारखा पडून होता.

"डावाही दाब."

"दाबतोय की," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "दोन्ही दाबतोय."

तो खोटं बोलत नव्हता. अशा माणसांना कळतच नाही, हे तिने किती नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं. आता तिला स्वतःलाच ते पटेना.

"नीट कुठपर्यंत बोलत होता हा?" तिने मागे वळून विचारलं. कुणाला काही सांगता येईना. औषध द्यायचं तर झटक्याची वेळ कळावी लागते, नेमकी.

विंगेत वही घेऊन बसलेली प्रॉम्प्टर बाई उभी राहिली. "पान एकतीसपर्यंत एकाही शब्दाला अडखळले नाहीत. बत्तीसला अडखळले. म्हणजे... बारा मिनिटं झाली असतील."

ताईने घड्याळ पाहिलं, चार वीस. "चार वाजून आठ," ती म्हणाली आणि तिने ती वेळ पेनाने आपल्या मनगटावर लिहिली.

गाडी खाली येऊनच थांबली होती. भावजय मागून धावत आली, हातात तिकिटांचं पुस्तक तसंच. धाकट्याला झोपवून नेताना तो दिग्दर्शकाला सांगत होता की पाचला परत येतो, पडदा थांबवा. ताई त्याच्या डाव्या बाजूला बसली. तो हात तिने दोन्ही हातांत धरला होता आणि त्याचं एकेक बोट ती उघडत होती, मिटत होती. अठ्ठावीस वर्षांत कुठल्याच हाताला तिने असं धरलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. शब्द एकमेकांत अडकत होते. "आजचं... किती?"

तिला दहा म्हणायचं होतं. पण दहा म्हटलं तर त्याला लगेच कळलं असतं.

"चार," ती म्हणाली. "डावा हात फार लुळा करतोयस. कमी कर."

धाकट्याने मान हलवली. "करतो," तो म्हणाला, आणि दवाखाना येईपर्यंत ती त्या बोटांकडे बघत राहिली.