पाठमोरी

नाक हातात आलं, तेव्हा खिडकीवाले नुसत्या पायमोज्यांवर स्टुलावर उभे राहून गॉगल बसवत होते आणि काचेबाहेरून एक कुत्रं त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होतं.

नाक बाईचं होतं. बाई फायबरची होती आणि वयाने बरीच थोर होती. आजवर तिने लग्नसराईतले भरजरी कपडे घातले, थंडीतले कोट घातले, एकदा तर अंघोळीचे टॉवेलही नेसले. पण कधी हूं की चूं केलं नाही. आज मात्र गॉगलची दांडी कानामागे सरकवताना जरासा जोर पडला आणि नाक मुळापासून निघून खिडकीवाल्यांच्या तळहातावर येऊन बसलं. बाईच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी एक पांढरं भोक राहिलं. ती तरीही हसत होती, आणि ते फारच वाईट दिसत होतं.

"भाऊ, डिंकाची ट्यूब कुठंय?" खिडकीवाल्यांनी मागच्या छोट्या दारातून डोकं बाहेर काढून विचारलं.

"गोदामात. पण वाळलीय ती," गल्ल्यावरचे भाऊ म्हणाले. "मागेच सांगितलं होतं वर. वरचे म्हणाले, बघू."

कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात रस्त्याकडच्या मोठ्या काचेमागे पुतळे सजवायचे, एवढंच खिडकीवाल्यांचं काम. थोरल्या मालकांनी त्यांना हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की त्यांचं खरं नाव आठवायला भाऊंनाही क्षणभर छताकडे बघावं लागलं असतं. आत्ता काचेमागे सुट्ट्यांची खिडकी मांडलेली होती. टोपीवाले बाबा, चेंडूवाला मुलगा, पिवळ्या झग्यातली आई आणि बाजूच्या फळीवर समुद्र. समुद्र खिडकीवाल्यांनी स्वतः रंगवला होता. खरा त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचा समुद्र जरा जास्तच निळा झाला होता. पुतळ्यांच्या पायाशी नेहमीप्रमाणे एका पुठ्ठ्यावर दोन ओळी होत्या. ही सवय थोरल्या मालकांच्या वेळची. खिडकीवाले स्वतःला कवी म्हणवत नसत. पण ओळी जुळल्या की दिवसभर त्यांना जेवण गोड लागे. या वेळच्या ओळी अशा होत्या:

टोपी घेतली, चेंडू घेतला, सोबत घेतली हौस;
घरी राहिलं राहू दे ते, मागे वळून नको पाहूस.

शटर वर जायची वेळ झाली. खिडकीवाल्यांनी नाक शर्टाच्या खिशात टाकलं आणि सुचलं ते केलं. बाईला कमरेत धरून फिरवलं आणि तिची पाठ रस्त्याकडे केली. संध्याकाळी नवा डिंक आणू, चिकटवू, पुन्हा वळवू, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दुपारपर्यंत तो हिशेब हातचा गेला.

कुणीतरी जाता जाता फोटो काढला होता. बाबा आणि मुलगा समुद्राला निघाल्यासारखे रस्त्याकडे बघून हसताहेत, पायाशी 'मागे वळून नको पाहूस' लिहिलंय आणि आई सरळ पाठ फिरवून मागच्या दाराकडे बघतेय. फोटोखाली त्या माणसाने लिहिलं होतं, 'गॅस बंद केला का?' बस्स. लोकांना आणखी काय लागतं?

"काका, हात लावू नका तिला!" पोस्टवाली जिना उतरता उतरताच ओरडली. दुकानाचे फोटो फोनवर टाकायला धाकट्या मालकांनी ठेवलेली ही मुलगी. एरवी ती खिडकीवाल्यांकडे बघायचीसुद्धा नाही. "सगळीकडे तीच फिरतेय. बघा, बघा. 'सासूबाई पण येणार आहेत हे आत्ताच कळलं.' हे बघा, 'मीटिंग आहे म्हणून सांगा त्यांना.' काका, तुम्ही ग्रेट आहात!"

"अगं, तिचं नाक तुटलंय."

"काय?"

खिडकीवाल्यांनी खिशातून नाक काढून दाखवलं. पोस्टवालीने ते बघितलं, मग खिडकीवाल्यांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आत ठेवा ते."

धाकट्या मालकांनीही वर बोलावून तेच सांगितलं. "हे नाकाचं आपल्यातच राहू दे. कुणी विचारलं तर म्हणायचं, कलाकाराने ते बघणाऱ्यावर सोडलंय."

"कुठल्या कलाकाराने?"

"तुम्ही हो!"

खिडकीवाले कलाकार झाले ते असे. इतकी वर्षं समुद्र रंगवला, ओळी जुळवल्या, रेशमी स्कार्फची गाठ खांद्यावर नेमकी कशी पडावी यासाठी जीव टाकला, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. एका विद्वानाने त्या पाठीवर लांबलचक लेख लिहिला आणि तीत बाजारपेठेला दिलेला नकार त्याला दिसला. ज्या झग्यात ती नकार देत होती तो त्या आठवड्यात भराभर खपला. एक माईकवाला आला. "ही पाठमोरी स्त्री तुम्हाला सुचली कशी?" म्हणून त्याने विचारलं.

खिडकीवाल्यांना खोटं बोलायचं होतं, पण ऐन वेळी जमलं नाही. "डिंक वाळला होता," ते म्हणाले.

माईकवाल्याने डोळे मिटून मान हलवली. "वा," तो म्हणाला. "नात्यांमधला."

घरी बायको फोन नाकाला लावून तोच फोटो बघत बसली होती. लेकीने दुसऱ्या शहरातून पाठवला होता, सोबत हसून लोळणारे पिवळे चेहरे. बायको आधी खूप हसली. मग फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा बघत राहिली.

"गॅसचं नाहीये ते," ती म्हणाली.

"मग?"

"तिला माहितेय, आपल्याला कुठं जायचं नाहीये. नुसतं कपडे घालून उभं केलंय. मग दाराकडे बघू नको तर काय करू?"

खिडकीवाले पाणी प्यायले. सगळं जग सुट्टीला जातं, तेव्हा खिडकी भरलेली लागते. त्यामुळे त्या दिवसांत त्यांना रजा नसे, आणि रजा मिळे त्या दिवसांत लेकीची शाळा असे. लेकीची शाळा संपली तोवर बायकोचे गुडघे धरले. पण दोघांची एक सहल ठरलेली होती. नवी खिडकी लागली की बायको बसने यायची. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून खिडकी नीट बघायची आणि काहीतरी एक खोट काढायचीच. "उजवीकडची जरा कललीय." मग खिडकीवाले रस्ता ओलांडून आत जात, काचेमागून हाताने विचारत, एवढं? बायको पलीकडून बोट हलवी, अजून थोडं. ते झालं की दोघं कोपऱ्यावर कॉफी पीत. इतक्या वर्षांत त्यांनी डोंगर पाहिले, बर्फ पाहिला, बागा पाहिल्या. सगळं त्या पायरीवरून.

"या वेळची बघायला येते मी," बायको म्हणाली.

ती आली, पण पायरीवरून तिला खिडकी दिसेना. काचेपुढे गर्दी होती. पोरी, पोरं, जोडपी, एक अख्खं कुटुंब, सगळे रस्त्याकडे पाठ करून उभे होते आणि त्यांचे मित्र त्यांच्या पाठींचे फोटो काढत होते. बायकोने टाचा उंचावून पाहिलं.

"काय हो, काय दिसतंय तिथं?"

"पाठी," खिडकीवाले म्हणाले.

त्या वेळी कॉफी राहिलीच.

गर्दी जशी आली तशी दुसरीकडे गेली. कुठल्याशा मांजराने पियानोवर शिंक दिली होती म्हणे. धाकटे मालक अस्वस्थ झाले. "खिडकीवाले, आणखी एक चूक करा की."

"कसली?"

"कसलीही. तुमचा हात बसलाय आता."

खिडकीवाल्यांनी मनापासून प्रयत्न केला. बाबांच्या हातांत बूट घातले. मुलाच्या पायात टोपी घातली. एकदा समुद्र उलटा लावला, तर तो आकाशासारखा दिसायला लागला आणि कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. पोस्टवाली रोज फोटो टाकी आणि रोज खाली कुणीतरी एकच वाक्य लिही: 'मुद्दाम केलंय.' जन्मभर चूक होऊ नये म्हणून जपलेला हात, त्याला आता चूक करायला सांगितली तर तीही बेताबेताने आणि सरळ रेषेत होत होती. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "जमत नाही गं मला." बायकोने त्यांच्या ताटात भाजी वाढली.

शेवटी धाकट्या मालकांनीच तोडगा काढला. सगळ्या मोठ्या दुकानांत आता बिनडोक्याचे पुतळे असतात, हे त्यांनी फोनवर दाखवलं. गळ्यापाशी गुळगुळीत कापलेले, पांढरेशुभ्र. "चेहराच नाही, म्हणजे नाकाची भानगड नाही. मागे मोठा पडदा लावू. समुद्र म्हणाल तर हलता समुद्र. बटण दाबलं की बर्फ."

"आणि ओळी?"

"पडद्यावर येतील ना आपोआप. ते मशीनच लिहितं हल्ली." मग त्यांना काहीतरी चांगलं बोलायची आठवण झाली. "आणि तुम्ही आता रजा घ्या बघू. इतकी वर्षं राबलात. वहिनींना घेऊन कुठंतरी जाऊन या. ऐन सीझनमध्ये जा, काही अडत नाही!"

काही अडत नाही, हे ते खरोखर मायेने म्हणाले. त्यामुळे चिडायचीही सोय राहिली नाही.

खिडकीवाल्यांनी घरी सांगितलं. "समुद्रावर जायचं?"

"आता?" बायको म्हणाली. "गुडघ्यांना विचारून सांगते." मग जरा वेळाने, "जुन्यांना कधी नेणार?"

"उद्या संध्याकाळी. भंगारवाला येणारेय."

"येते मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीवाल्यांनी पदरच्या पैशांनी डिंकाची ट्यूब आणली. भाऊंनी विचारलं, "आता कशाला?" खिडकीवाले म्हणाले, "असू दे." बाईचा पिवळा झगा केव्हाच विकला गेला होता. त्यांनी गोदामातली जुनी चादर तिच्या खांद्यांवरून घेतली, स्कार्फसारखी गाठ मारली, चेहरा ओल्या फडक्याने पुसला, खिशातून नाक काढलं आणि बसवलं. बोटाने दाबून धरलं. धाकटे मालक त्या बाजूने दोनदा गेले आणि दोन्ही वेळा फोनकडे बघत गेले.

संध्याकाळी भंगाराची गाडी लागली. वर जुने पंखे, एक मोडका फ्रीज आणि कसल्यातरी सळया होत्या. बाबांना आणि मुलाला गाडीवाल्याने फ्रीजवर आडवं टाकलं. बाईला खिडकीवाल्यांनी स्वतः उचललं आणि सळयांना टेकवून उभं केलं. मागच्या फळीकडे तोंड करून. गाडीवाला म्हणाला, "काका, पडेल ती."

"पडायची नाही. दोरी बांधतो."

बांधून झाल्यावर ते रस्ता ओलांडून पायरीवर आले. बायको गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. समोर काचेमागे नव्या पुतळ्यांनी उन्हाळी कपडे घातले होते आणि त्यांच्या मागे समुद्र हलत होता. बायकोने खिडकी नीट बघितली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. खिडकीवाले वाट बघत होते.

"कुठं बघताहेत ते?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक."

मग तिची नजर गाडीकडे गेली. चादर पांघरलेली बाई फळीवरून थेट त्यांच्याकडेच बघत होती, नेहमीसारखी हसत. बायकोने डोळे बारीक केले, मान जराशी वाकडी केली.

"नाक उजवीकडे कललंय."

"एवढं?" खिडकीवाल्यांनी हाताने विचारलं.

"अजून थोडं."

ते पायरी उतरले. तेवढ्यात गाडी सुरू झाली, धूर सोडून हलली आणि कोपऱ्याकडे निघाली. बाई मागे बघत चालली होती. खिडकीवाल्यांचा हात अजून वरच होता, दोन बोटांत तेवढंसं अंतर धरलेला.

"राहू दे," बायको म्हणाली. "डिंक वाळला असेल आता."